घरबसल्या ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्यांना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,



तुमच्यातल्या कुणी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात, कुणी इग्नूत, तर कुणी आणखी एखाद्या विद्यापीठाच्या दूरस्थ किंवा ऑनलाइन विभागात ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला प्रवेश घेतला आहे. कुणी शाळेत लिपिक आहे, कुणी तालुक्याच्या वाचनालयात देवघेव सांभाळते, कुणी घरचे सगळे आवरून रात्री उशिरा व्याख्यान लावते. महाविद्यालयीन ग्रंथालयात नोकरी करताना आणि समुपदेशनाच्या वर्गांवर शिकवताना अशा विद्यार्थ्यांशी माझी सतत गाठ पडत आली. तिथे घाईघाईत, तुकड्यातुकड्यांनी जे बोलणे झाले ते एकदा सलग सांगावे, म्हणून हे पत्र.

बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: या पदवीला किंमत आहे का? कागदोपत्री आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची, मान्य अभ्यासक्रमाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. आपला अभ्यासक्रम आपल्या प्रवेशाच्या वर्षी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे ना, एवढे स्वतः पाहून घ्या. प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थाच्या शब्दावर जाऊ नका.

खरी परीक्षा पुढे असते. मुलाखतीत समोरचा प्राध्यापक टेबलावरचे एखादे पुस्तक तुमच्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, सांगा, हे कुठे ठेवाल? अशा वेळी ज्याने ग्रंथालयशास्त्र फक्त पडद्यावर वाचले आहे तो व्याख्या सांगू लागतो. व्याख्याने, टिपणे, पीडीएफ यांची आज वाण नाही. इग्नूचे अध्ययन साहित्य ई-ज्ञानकोशावर मोफत आहे, ई-पीजी पाठशाळेत या विषयाचे पाठ आहेत, 'स्वयम्' या संकेतस्थळावर अभ्यासक्रम आहेत. विभागात जाऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मिळतात आणि तुम्हाला मिळत नाहीत, अशा गोष्टी दोनच: पुस्तकांनी भरलेली कपाटे आणि काहीतरी मागायला आलेला वाचक. त्या दोन्ही तुम्हाला स्वतः शोधाव्या लागतील. माझे म्हणणे असे, की त्या तुमच्या घरापासून फार लांब नाहीत, आणि त्या शोधण्याची चिकाटी असेल तर तुमचे शिक्षण विभागातल्या शिक्षणापेक्षा कसदारही होऊ शकेल.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ही झाली नामांकित मंडळी. पण ग्रामपंचायतीच्या इमारतीतल्या एका खोलीत संध्याकाळी दोन-तीन तास उघडणारे ड वर्गाचे वाचनालयही तुम्हाला पुरे आहे. किंबहुना तेच जास्त उपयोगी पडेल, कारण तिथे करायचे बाकी राहिलेले काम भरपूर असते.

तिथे जाताना मात्र तपासनीस होऊन जाऊ नका. अशा वाचनालयातला ग्रंथपाल अत्यंत तुटपुंज्या मानधनावर काम करतो. त्याचे अनुदान हप्त्याहप्त्याने येते, आणि झाडण्यापासून वार्षिक अहवालापर्यंत सारे त्यालाच करावे लागते. त्याला तुमच्या अभ्यासक्रमातले शब्द ठाऊक नसतील, पण गावात कोण काय वाचते हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन काम करीन, बदल्यात मला शिकू द्या, असे सरळ सांगा. कार्यकारिणीच्या सचिवांना चार ओळींचा अर्ज द्या. नकार मिळाला तर जवळचे माध्यमिक शाळेचे ग्रंथालय पाहा, तेही नसेल तर महाविद्यालयाचे.

पहिल्या दिवशी दाखल नोंदवही मागून घ्या. पाठ्यपुस्तकात तिच्यावर जेमतेम पान-दीड पान असते आणि परीक्षेत फार तर एक टीप. प्रत्यक्षात ग्रंथालय समजून घेण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही. तारीख, दाखल अंक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, पुस्तक कुठून आले, शेरा. हे रकाने सावकाश वाचत गेलात की संस्थेचा सगळा इतिहास उलगडतो. कुठल्या वर्षी कुणाचा खासगी संग्रह देणगी म्हणून आला, कुठल्या वर्षांत एकही पुस्तक घेतले गेले नाही, मार्चअखेरीस अनुदान संपवण्यासाठी एकाच विक्रेत्याकडून किती गठ्ठा आला, हे सगळे तिथे असते. शेऱ्याच्या रकान्यात 'गहाळ' आणि 'जीर्ण' किती वेळा आले आहे ते पाहा आणि मग कपाटांपाशी जाऊन पन्नास नोंदी पडताळून बघा. ग्रंथ पडताळणी म्हणजे काय, हे त्या एका संध्याकाळी कळेल तेवढे प्रकरण वाचून कळणार नाही. वाळवी कुठल्या भिंतीकडून येते, खालच्या फळीवरचे खंड का फुगले आहेत, तेही तिथेच दिसते.

वर्गीकरणाचा सराव हे दूरस्थ विद्यार्थ्याचे सर्वांत कच्चे अंग. बऱ्याच ठिकाणी सरावासाठी अजून ड्युई दशांश वर्गीकरणाची १९७९ ची १९ वी आवृत्ती आणि रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणाची सहावी आवृत्ती वापरतात, आणि दोन्हींच्या प्रती अभ्यासकेंद्रावर मोजक्याच असतात. परीक्षेच्या आधीच्या रविवारी तिथे रांग लागते. तुम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटून तासभर बसण्याची परवानगी घ्या. आणि शीर्षकांच्या तयार यादीवरून सराव करू नका. तुमच्या वाचनालयातली खरी पुस्तके घ्या. मराठी कादंबरी ८९१.४६३ मध्ये जाते हे पहिल्या दिवशी कळेल. पण गावच्या यात्रेवरचे, निम्मे इतिहास आणि निम्मे आख्यायिका असलेले पुस्तक कुठे न्याल? शेतीवरचे, पण आठवणींच्या रूपात लिहिलेले? प्रस्तावना वाचा, अनुक्रमणिका बघा, मग तक्त्यांकडे वळा. निर्णय घेतल्यावर त्याचे कारण दोन ओळींत वहीत लिहून ठेवा. शंभर पुस्तकांची अशी वही तयार झाली की मुलाखतीतल्या त्या सरकवलेल्या पुस्तकाची भीती उरत नाही.

आता मी ज्या कामासाठी मुख्यतः हे पत्र लिहिते आहे त्याकडे येते. ते म्हणजे मराठी पुस्तकांची तालिका.

इंग्रजी पुस्तकाची नोंद तयार मिळते. आयएसबीएन टाकला की लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या तालिकेतून 'मार्क' या संगणकीय स्वरूपातली नोंद उतरवून घेता येते. मराठीच्या बाबतीत ही सोय फार अपुरी आहे. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही, नव्यांपैकीही अनेकांना नाही, आणि ज्या नोंदी सापडतात त्यांत लेखकाचे नाव दर वेळी निराळे. साने गुरुजी एका ठिकाणी 'साने गुरुजी' म्हणून, दुसऱ्या ठिकाणी 'साने, पांडुरंग सदाशिव' म्हणून. शिरवाडकरांची नाटके एका नावाखाली, कुसुमाग्रजांच्या कविता दुसऱ्या नावाखाली, आणि दोघे एकच हे तालिकेला कुणी सांगितलेलेच नाही. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून गडकरी, कवी म्हणून गोविंदाग्रज आणि विनोदी लेखक म्हणून बाळकराम. खानोलकर आणि आरती प्रभू, पटवर्धन आणि माधव ज्यूलियन, ठोंबरे आणि बालकवी. ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई यांच्याबाबत तर आडनाव आधी लिहिण्याचा नियमच लागू होत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात प्रमाण-नावांच्या नियंत्रणावर जे प्रकरण आहे त्यातली उदाहरणे बहुधा मार्क ट्वेनची असतात. ते प्रकरण वाचून झाले की आपल्या वाचनालयातले पन्नास मराठी लेखक घ्या, प्रत्येकासाठी एक प्रमाण नाव ठरवा आणि बाकीच्या नावांवरून त्याकडे निर्देश द्या. हे काम जगातले दुसरे कुठलेही ग्रंथालय आपल्यासाठी करून ठेवणार नाही.

शीर्षकांचेही तसेच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर अनुस्वारांची रेलचेल आहे, ऱ्हस्व-दीर्घ निराळे आहेत. शीर्षक जसे छापले आहे तसेच उतरवायचे, हा तालिकेचा दंडक. पण आजचा वाचक आजच्या लेखनाने शोधणार. म्हणून मार्कमध्ये २४५ या क्षेत्रात मूळ शीर्षक आणि २४६ मध्ये आजच्या लेखनातले, अशी दोन्ही रूपे द्यायला हवीत. हे एक क्षेत्र भरले नाही म्हणून कितीतरी पुस्तके कपाटात असूनही 'नाही' ठरतात.

यात संगणकाने नवे प्रश्न आणले. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक ग्रंथालयांनी मराठी नोंदी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकित केल्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या नोंदी म्हणजे अर्थहीन चिन्हांची रांग. काहींनी रोमन लिपीचा आधार घेतला, मग 'आई' हा एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला गेला. युनिकोडमध्येही गाफील राहता येत नाही. 'कऱ्हाड'मधला अर्धा र दोन निराळ्या प्रकारे टंकित करता येतो, 'ॲ' हे अक्षर एकसंधही असते आणि 'अ'वर चंद्र देऊनही काढता येते. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. वाचक शोधतो, पडदा सांगतो काही सापडले नाही, आणि पुस्तक मात्र तिसऱ्या मांडणीवर उभे.

यासाठी कोहा शिका. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या गरजेतून १९९९ च्या सुमारास निर्माण झालेली ही मुक्त संगणकप्रणाली आज भारतातल्या असंख्य महाविद्यालयांत वापरात आहे. ती फुकट आहे. बऱ्यापैकी क्षमतेच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून ती स्वतः बसवता येते. पहिल्यांदा बसणार नाही, चुका दाखवील. त्या चुका वाचणे हेच शिक्षण. बसल्यावर दोनशे मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत भरा आणि शोधून पाहा. कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रणेच्या मांडणीत आयसीयू हा पर्याय सुरू केल्याशिवाय देवनागरीचा शोध नीट चालत नाही, हे तुम्हाला कुठल्याही टिपणात वाचायला मिळण्याआधी अनुभवाने कळेल. एनआयसीची ई-ग्रंथालय आणि इन्फ्लिबनेटची सोल या प्रणालींचीही ओळख असू द्या, कारण नोकरी लागेल तिथे कोणती असेल ते तुमच्या हातात नसते. पण हात बसवायचा तो कोहावर. महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पात्रतेत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे ज्ञान मागितले आहे. हे ज्ञान प्रमाणपत्राच्या कागदाने सिद्ध होत नाही. मी भरलेली ही दोनशे नोंदींची तालिका, असे म्हणून पडदा उघडून दाखवता आला पाहिजे.

लघुप्रबंधाविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. 'अमुक महाविद्यालयातील वापरकर्त्यांचे समाधान: एक अभ्यास' हा विषय कृपा करून घेऊ नका. पन्नास-शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीचे तक्ते, आणि शेवटी पुस्तके वाढवावीत व वेळ वाढवावी अशा शिफारशी. असे प्रबंध ढिगाने आहेत आणि त्यांनी कुठल्याही ग्रंथालयाचे एक कपाटही हललेले नाही. तुम्ही गावात राहता, हे तुमचे बळ आहे. तुमच्या जिल्ह्यात छापल्या गेलेल्या पुस्तकांची सूची करा. एखाद्या जुन्या वाचनालयातल्या दिवाळी अंकांची वर्षवार यादी करा. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि तिचे पूर्ण संच आज फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहेत. बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे अंक कुणाकडे आहेत ते शोधा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. गावोगावच्या वाचनालयांत आणि खासगी संग्रहांत पुस्तके हाताळून त्यांनी ती उभी केली. आज मराठी साहित्यावर संशोधन करणाऱ्याचे तिच्यावाचून पान हलत नाही. १९५० नंतरचे काम त्या तोडीने आणि त्या सलगतेने अजून व्हायचे आहे. तुमच्या साठ-सत्तर पानांच्या प्रबंधात त्यातला एक तालुका मावेल, आणि तो प्रबंध पुढे कुणीतरी खरोखर उघडून पाहील.

मार्गदर्शक शहरात आणि तुम्ही गावात, म्हणून विषय सोपा घ्यावा असे वाटते. तसे करू नका. महिन्यातून एकदा दोन पानी लेखी वृत्तांत पाठवा आणि शेवटी नेमके दोन प्रश्न विचारा. गुळमुळीत निरोपाला उत्तर येत नाही, नेमक्या प्रश्नाला बहुधा येते.

स्वाध्याय विकत मिळतात, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. सोडवलेल्या उत्तरांच्या फायली भ्रमणध्वनीवरच्या गटांतून फिरतात. आता संगणकाला विचारले तरी उत्तर लिहून देतो आणि संदर्भही देतो, ज्यातले काही लेख कधी लिहिलेच गेलेले नसतात. इतर विषयांच्या विद्यार्थ्याला यात काय वाटते ते त्याने ठरवावे. आपला पेशा मात्र दिलेला संदर्भ खरा आहे की नाही हे सांगण्याचा आहे. एक सवय लावून घ्या: ज्या लेखाचा उल्लेख कराल तो उघडून पाहिल्याशिवाय लिहायचा नाही. शोधगंगेवरचे प्रबंध सर्वांना खुले आहेत. २०२५ च्या जानेवारीपासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत सहभागी शासकीय संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. तुमचे विद्यापीठ त्यात असेल तर दूरस्थ विद्यार्थ्याला घरून प्रवेश कसा मिळतो हे विद्यापीठाच्या ग्रंथपालांना लेखी विचारा. शुल्क तुम्हीही भरता, मग विचारायला संकोच का?

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. महाविद्यालयातल्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात, आणि भरती निघाली की एका जागेला अर्जांचा पाऊस पडतो. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के आणि नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती सेट, हे किमान. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे ती नियम वाचून घ्या. म्हणून पहिल्या सत्रापासून नेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका जवळ ठेवा. सार्वजनिक ग्रंथालयांतले वेतन लाजिरवाणे आहे. पदवीधर, प्रशिक्षित माणसाला शिपायापेक्षाही कमी पैशांत राबवून घेणे हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हावा म्हणून संघटनेत बोलण्याचे काम तुमच्या पिढीलाही करावे लागेल. दुसरीकडे संग्रहालये, वृत्तपत्रांची संदर्भ दालने, विधी संस्था, संशोधन केंद्रे, अभिलेखागारे यांना माहिती लावून ठेवणारी माणसे लागतात आणि तिथल्या जाहिरातींत पदाचे नाव ग्रंथपाल नसते. जाहिरात वाचताना पदनामाखालचे कामाचे वर्णन वाचा.

आणि वाचक? रंगनाथन १९२४ मध्ये गणिताचे अध्यापन सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी लंडनला शिकायला गेले. तिथे वर्गात बसण्याइतकेच महत्त्व त्यांनी ग्रंथालये हिंडून पाहण्याला दिले. सार्वजनिक ग्रंथालयात मुले, कामगार, गृहिणी कशा येतात ते पाहिले आणि परत आल्यावर मद्रासच्या ग्रंथालयाची दारे त्याच नजरेने उघडली. १९३१ मध्ये छापून आलेली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे त्या पाहण्यातून आली आहेत. तुम्ही ती पाठ कराल, गुणही मिळवाल. पण एखाद्या संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बसा. एक आजोबा येतील आणि म्हणतील, परवा नेले होते तसलेच दुसरे द्या. कव्हर निळे होते एवढेच त्यांना आठवत असेल. दहावीची मुलगी स्पर्धा परीक्षेचे पुस्तक मागेल, आणि खरे तर तिला बोलायला कुणीतरी हवे असेल. त्यांना काय हवे आहे हे दोन-तीन प्रश्नांत काढून घेणे, त्यांचा वेळ न दवडता हातात पुस्तक देणे, आणि नसेल तर ते कुठे मिळेल हे सांगून निरोप देणे, याला संदर्भ सेवा म्हणतात.

पहिला स्वाध्याय जमा करण्याची तारीख अजून लांब असेल. त्याआधी, या आठवड्यातच, आपल्या गावच्या किंवा वस्तीतल्या वाचनालयात जा, ग्रंथपालांना नमस्कार करा आणि दाखल नोंदवही पाहू द्याल का, असे विचारा.

तुमची,
एक ग्रंथपाल